मामांच्या तोंडची पाखरं

आमच्याकडे सासऱ्यांना मामा म्हणतात आणि सासूला आत्याबाई. लग्न होऊन मी गंगेकाठच्या (आमच्याकडच्या नदीलाच आम्ही गंगा म्हणतो) त्या गावात गेले, तेव्हा पहिली काही वर्षं मामा माझ्याशी एक शब्द बोलले नव्हते आणि मीही त्यांच्याशी नाही. त्यात राग-रुसवा काही नव्हता, रीतच तशी होती. त्यांना चहा हवा असला की ते ओसरीवरून आत्याबाईंना सांगायचे, आत्याबाई मला सांगायच्या, आणि मी पदर सावरून कपबशी उंबऱ्याच्या आतल्या बाजूला ठेवायची. तिथून ती आत्याबाई उचलायच्या. एवढ्या लांबच्या वळशानं तो चहा कोमट होत असेल, पण कुणी तक्रार केल्याचं मला आठवत नाही.

मामांचा आवाज मात्र मला पाठ होता. गावात कुणाची बांधावरून लागली, कुणाची सोयरीक अडली, की माणसं आमच्या ओसरीवर येत. मामा निजामाच्या काळात उर्दू शाळेत शिकलेले. बोलता बोलता मधेच 'बहरहाल', म्हणजे 'असो', म्हणायचे, समोरच्याला पूर्ण बोलू द्यायचे, आणि मग सावकाश, सुपारी कातरावी तसं एकेक वाक्य कातरून पुढे ठेवायचे. मी आत भाकरी थापत ऐकत राहायची. भांडायला आलेली माणसं बहुतेक वेळा चहा पिऊन जायची.

एका श्रावणात, सकाळी पूजेला बसलेले असताना त्यांच्या उजव्या हातातलं बेलाचं पान गळून पडलं. ते त्यांना पुन्हा उचलता येईना. डाव्या तळहातावर गळ्यातलं इष्टलिंग तसंच धरून ते त्या पानाकडे बघत राहिले. आत्याबाईंनी काय झालं म्हणून विचारलं, तर तोंडातून नुसता 'ब ब' असा आवाज आला. बैलगाडीतून सडकेपर्यंत आणि तिथून एका जीपमधून त्यांना परभणीला नेलं.

दवाखान्यातून परत आले तेव्हा पाय बराचसा सुधारला होता. काठी घेऊन चालता यायचं. हात कोपरापासून लोंबायचा. जीभ मात्र जड झाली होती. डॉक्टरांनी माझ्या नवऱ्याला सांगितलं होतं की रोज सकाळी चालवा आणि बोलतं ठेवा. पायासारखंच जिभेलाही रोज चालवावं लागतं. पहिल्याच आठवड्यात गावातले चार जण भेटायला आले. मामांना 'बसा' म्हणायचं होतं, तोंडातून 'भात' निघालं. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा 'भात'. एक जण हसला नाही, पण खाली बघू लागला. मामांनी ते पाहिलं. त्या दिवसापासून त्यांनी तोंड मिटलं ते मिटलंच. हवं-नको सगळं डाव्या हातानं खुणा करून. आत्याबाई समोर बसून विनवायच्या, "एवढं माझं नाव तरी घ्या." ते मान फिरवायचे.

प्रश्न होता त्यांना चालवायचं कुणी. माझे पती परभणीला नोकरीला, शनिवारच्या एसटीनं यायचे, सोमवारी पहाटे जायचे. आत्याबाईंचे गुडघे धरलेले. न्हाणीपर्यंत जाताना भिंतीला हात लावून जायच्या. शेवटी पतींनीच माझं नाव काढलं. आत्याबाई म्हणाल्या, "मागून चालायचं. पदर ढळू द्यायचा न्हाई."

दसरा नुकताच झाला होता. पावसाळ्यातला गढूळ लोंढा ओसरून गंगेचं पाणी निवळत चाललं होतं. काठावर काश-गवताचे पांढरे तुरे डोलायचे, आणि मधे ओल्या वाळूची बेटं वर आली होती. गावाखाली एक डोह होता. त्याच्या काठच्या करंजाखाली मी घोंगडी अंथरायची, मामा बसायचे, आणि मी जरा मागे बाभळीजवळ जाऊन बसायची. त्यांना बोलतं ठेवायचं हे डॉक्टरांचं सांगणं माझ्या कानावर होतं. पण मीच बोलू शकत नव्हते, तर त्यांना बोलतं कुठून ठेवणार? ऊन पाठीवर चढलं की आम्ही तसेच, ते पुढं मी मागं, घरी यायचो.

बसून बसून मी नदी बघायला लागले. माझं माहेर राणीसावरगावचं, डोंगराकडचं. तिकडे पाणी विहिरीतलं, दोरानं शेंदून काढायचं. मला होला ठाऊक, साळुंकी ठाऊक, चिमणी-कावळा. पाण्यावरची पाखरं म्हणजे सगळे बगळेच, अशी माझी समजूत. एके सकाळी गेलो तर समोरच्या बेटावर नारिंगी रंगाची मोठमोठी पाखरं उतरली होती. संन्याशांनी भगव्या छाट्या वाळत घालाव्यात तशी वाळूवर ओळीनं बसलेली. आदल्या दिवशी तिथं काही नव्हतं. मी भान हरपून मोठ्यानं बोलून गेले, "कोणती म्हणायची ही पाखरं?"

बोलले आणि जीभ चावली. मामांनी मागं वळून पाहिलं नाही. बराच वेळ गेला. मला वाटलं ऐकलं नसेल. मग त्यांचे खांदे थोडे हलले आणि आवाज आला, "च... च..."

मी उठून उभी राहिले. त्यांना काही हवंय की त्रास होतोय, कळेना.

"चकवा," ते म्हणाले.

पुढं आणखी काही म्हणायचं होतं. मान खाली घालून, जमिनीत रुतलेली मेख उपटावी तसं त्यांनी ते ओढून काढलं. "चकवी."

एवढंच. घरी येईस्तोवर पुन्हा काही नाही. पण त्या दिवशी भाकरी थापताना माझ्या मनात एकच होतं, की उद्या काय विचारायचं.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम विचारलं. विचारताना मी नदीकडे बघत होते आणि उत्तर देताना तेही नदीकडेच. तोंडाला तोंड लागत नव्हतं, तेव्हा रीत काही अगदी मोडत नाही, अशी मी माझी समजूत घातली होती. पाण्याकाठी शेपटी खालीवर करत फिरणारं ते इवलं पाखरू कोणतं? "धो... धोबी." आणि ते लांब तांबड्या पायांचं, काठ्या लावून चालल्यासारखं? त्याचं नाव त्यांना येत होतं, पण सापडत नव्हतं. ते कपाळाला हात लावून बसले. तिसऱ्या दिवशी, मी काही न विचारताच, घोंगडीवर बसता बसता म्हणाले, "शेकाट्या." आदल्या दिवसभर ते नाव शोधत होते, हे मला तेव्हा कळलं.

असे ते दिवस होते. पाखरं रोज नवी यायची. रात्रीतून कुठून कुठून उतरायची आणि सकाळी आपली जुनीच जागा असल्यासारखी पाण्यात तोंड घालून बसायची. मामांचे शब्दही तसेच यायला लागले. आज एक, उद्या एकदम तीन, परवा काहीच नाही. गंमत म्हणजे मराठीच्या आधी त्यांच्या तोंडी उर्दू यायचं. 'नदी' म्हणायला जायचे आणि 'दर्या' निघायचं, उर्दूत नदीला तेच म्हणतात. 'पाखरं' म्हणायचं असलं की 'परिंदे'. लहानपणी छडीच्या धाकानं पाठ केलेलं ते सगळं कुठंतरी खोल, कोरडं राहिलं असावं. मी पतींना सांगितलं, त्यांनी डॉक्टरांना विचारलं. डॉक्टर म्हणाले, असं होतं कधी कधी, येईल ते येऊ द्या.

कार्तिक लागल्यावर हंस आले. मोठे, राखी अंगाचे, गळ्यातल्या गळ्यात बोलत खाली उतरणारे. पांढऱ्या डोक्यावर काळे दोन आडवे पट्टे. मामा रोज पूजेनंतर डाव्या हातानं कपाळावर विभूतीचे पट्टे ओढायचे. उजव्या हाताची सवय गेल्यामुळे ते जरा वाकडेच यायचे. हंसांकडे बघून त्यांनी आपल्या कपाळाला बोट लावलं. "ह्यानं बी... लावलंय." थोडं थांबून म्हणाले, "सरळ लावलंय." आणि हसले. तोंड एका बाजूला ओढलं जात होतं त्यामुळे हसू अर्धंच दिसलं, पण आवाज पूर्ण होता. मीही पदर तोंडावर धरून हसले. काठावर धुणं धूत असलेल्या बायकांनी वळून पाहिलं.

त्याच सुमारास ते पांढरे पक्षी आले, ज्यांचं नाव मामांनाही येईना. बगळ्यापेक्षा आखूड मान, पाठ राखी, चोच आणि पाय तांबडे, पंखांची टोकं शाईत बुडवल्यासारखी काळी. डोळ्यामागं काजळाचा एक ठिपका. ते एका जागी ठरायचे नाहीत. डोहावर गोल गोल फिरायचे, एकदम खाली येऊन पाण्यावरचं काहीतरी उचलायचे, आणि लगेच दुसरा त्याच्या मागं लागून ते हिसकावायचा. थकले की पाण्यावरच बसून कागदाच्या होड्यांसारखे वाहत जायचे.

मी विचारलं, "बगळाच हाय का?"

मामांनी मान हलवली. "बगळा... उभा ऱ्हातो."

"मग घार?"

"घार पाण्यावर बसती व्हय?"

हे न अडखळता आलेलं त्यांचं पहिलं सबंध वाक्य. त्यांच्या ते लक्षात आलं नाही. ते त्या पक्ष्यांकडे बघत होते. मग तुकड्या-तुकड्यानं त्यांनी मला सांगितलं की त्यांच्या लहानपणी हे पाखरू इथं नव्हतं. वरच्या अंगाला धरण झालं, पाण्याचा मोठा फुगवटा झाला, तेव्हापासून दिसू लागलं असावं. गावात त्याला कुणी नावच दिलं नव्हतं. ज्याला कुणी खात नाही, जे कुणाच्या पिकात शिरत नाही, त्याच्या नावाचं कुणाला काय अडणार. पुष्कळ वर्षांनी मी एका पुस्तकात त्याचं चित्र पाहिलं. तिथं नाव दिलं होतं, कुरव. समुद्राकाठचा पक्षी. पण त्या दिवशी आमच्याजवळ पुस्तक नव्हतं. मामा डोळे बारीक करून बघत बसले आणि उठायच्या वेळी म्हणाले, "मुसाफर."

"काय?"

"ह्याचं नाव. मुसाफर."

एक एक शब्द शोधून दमलेल्या माणसानं एक नवा शब्द घालून दिला होता. चेहऱ्यावर जुना, ओसरीवरचा रुबाब आला होता. मी घोंगडी झटकली.

एवढं सगळं नदीवर. घरच्या उंबऱ्यात पाय टाकला की मामा पुन्हा मुके. हे मला समजत नव्हतं. मला राहवलं नाही आणि एक दिवस मी आत्याबाईंना सांगितलं, की मामा बोलायलेत. नदीवर बोलतात, पाखरांची नावं घेतात. मला वाटलं त्या हरखतील. त्या तांदूळ निवडत होत्या. हात थांबला नाही. थोड्या वेळानं म्हणाल्या, "मग माझ्याशी का न्हाई बोलत?"

आज वाटतं, मी काही त्यांना चांगलं बोलताना पाहिलेलं माणूस नव्हते. ऐकलं होतं ते नुसतं भिंतीआडून. माझ्यापुढं त्यांची काही पडझड होत नव्हती. आत्याबाईंपुढं होत होती. जिच्यासमोर माणूस सगळ्यात उंच असतो तिच्यापुढंच वाकायला जड जातं. पण तेव्हा हे मला सांगता आलं नसतं, आणि सांगितलं असतं तरी त्यांचं दुखणं कमी झालं नसतं. त्यानंतर काही दिवस त्या माझ्याशी कामापुरतंच बोलल्या. शेजारच्या काकू एकदा येऊन बसल्या आणि सहज बोलल्यासारखं सांगून गेल्या की सून-सासरा नदीवर हसत बसतात असं बायका म्हणतात. काकू गेल्यावर आत्याबाई म्हणाल्या, उद्यापासून गोठ्याजवळच चालवून आण. दुसऱ्या दिवशी मी मामांना गोठ्याकडे वळवायला गेले, तर त्यांनी काठी आपटली आणि नदीची वाट धरली. आत्याबाई दारातून बघत राहिल्या. पुन्हा त्यांनी तो विषय काढला नाही.

दिवाळी होऊन गेली होती. त्या दिवसांत औरंगाबादच्या विद्यापीठाच्या नावाचा प्रश्न पुन्हा तापला होता. कुठं बंद, कुठं मोर्चा, एसटीवर दगड पडायचे आणि गाड्या आगारातच उभ्या राहायच्या. पूर्वी मामा या विषयावर ओसरीवर दोन्ही बाजूंच्या माणसांना समोरासमोर बसवून बोलले असते. आता आठ-आठ दिवसांचा पेपर एकदम यायचा; ते त्यावर डोळे फिरवायचे आणि घडी घालून ठेवून द्यायचे. एका नावासाठी गावोगावची माणसं एकमेकांकडे पाठ फिरवत होती, कुणाची तर घरं जळत होती, आणि मी एका म्हाताऱ्या माणसाला बगळ्याचं नाव घ्यायला लावत होते. दोन्ही गोष्टी एकाच वेळी चालल्या होत्या. नाव घेता येणं, आपलं नाव कुणीतरी घेणं, ही साधी गोष्ट नाही, एवढं मला त्या हिवाळ्यात कळलं. त्याहून जास्त कळायचं माझं वय नव्हतं.

त्या शनिवारी एसटी आलीच नाही, त्यामुळे पतीही आले नाहीत. रविवारी सकाळी मी आणि मामा नेहमीसारखे डोहावर गेलो. थंडी पडायला लागली होती. पाण्यावरून वाफ उठत होती. हंस वाळूवर एका पायावर उभे होते, काहींनी चोच पंखात खुपसलेली. मामांच्या अंगावर मी शाल घातली आणि मागं जाऊन बसले. तेवढ्यात गाडीवाटेनं धुरळा उडवत जीप आली.

तिघं जण उतरले. तालुक्याच्या गावाकडचे, अंगात जाड कोट, दोघांच्या हातात बंदुका. मामांना त्यांनी ओळखलं. त्यातल्या वयानं मोठ्या असलेल्यानं हात जोडून नमस्कार केला, तब्येत कशी आहे विचारलं. मामांनी मान हलवली. मग तो म्हणाला की जरा हंसांवर दोन-चार बार टाकायचेत. तुमच्या गावचं पाणी आहे, तेव्हा तुम्हाला सांगितल्याशिवाय कसं. बोलणं अगदी अदबीचं होतं. बोलत असताना दुसरा बंदुकीत काडतुसं भरत होता.

मामांना 'नको' म्हणायचं होतं. ते मला मागून, नुसत्या पाठीवरूनही कळलं. मान ताठ झाली, काठी धरलेली बोटं आवळली. "न... न..." ते म्हणाले. पुढं काही येईना. पुन्हा म्हणाले, "न..." आणि मग तोंडातून निघालं ते 'भात'. तिघांपैकी सगळ्यात तरुण होता तो दुसरीकडे बघून हसला. मोठा समजुतीनं म्हणाला, "असू द्या, असू द्या. त्रास घेऊ नका." आणि त्याचा अर्थ 'हो' असा घेऊन तो पाण्याकडे वळला.

मामांनी मागं वळून माझ्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. डोळ्यांत पाणी होतं, ते थंडीनंच आलं होतं का, सांगता येत नाही.

मी उठले आणि पुढं गेले. चालताना पदर कधी खांद्यावर आला ते कळलं नाही. परक्या पुरुषांशी मी तोवर कधी तोंड उघडून बोलले नव्हते.

"मामा न्हाई म्हणायलेत," मी म्हणाले. "हितं बार करू नका."

मोठा माणूस थबकला. म्हणाला, ते काही म्हणाले नाहीत, बाई.

"म्हणालेत. मला कळतंय त्यांचं बोलणं. ही पाखरं लय लांबून येतात. आमच्या गावात त्यांना कुणी हात लावत न्हाई."

शेवटचं वाक्य खरं होतं की नाही, मला ठाऊक नव्हतं. तो माझ्याकडे बघत राहिला, मग मामांकडे. मामांनी काठी जमिनीवर टेकवली आणि मान खालीवर केली, एकदा, जोरात. त्या माणसानं कुणाशी वाद घातला नाही. सोबतच्यांना खूण केली, जीप वळवली आणि ते गेले.

मला वाटलं जिंकलो. पण जीप थोडी पुढं उतारावर थांबल्याचा आवाज आला, आणि नदीच्या वळणापलीकडून दोन बार ऐकू आले. डोहावरचं सगळंच्या सगळं एकदम उठलं. चकवे, हंस, शेकाटे, ते पांढरे मुसाफर. आभाळ पंखांच्या आवाजानं भरून गेलं. ते आमच्या डोक्यावरून एक फेरा घेऊन वरच्या अंगाला निघून गेले आणि खाली नुसतं पाणी राहिलं. मामा कितीतरी वेळ त्या पाण्याकडे बघत बसले. मी पदर डोक्यावर घेतला.

आमच्या आधी बातमी घरी पोचली होती. दुपारी मामांचे धाकटे भाऊ, म्हणजे माझे चुलत सासरे, ओसरीवर आले. त्यांनी आवाज चढवला नाही. आत्याबाईंना सांगू लागले, की ती बडी माणसं आहेत, उद्या विहिरीच्या कागदासाठी, पोराच्या नोकरीसाठी त्यांच्याच दारात जावं लागतं. दादांचं दुखणं समजू शकतो. पण घरच्या सुनेनं उघड्या डोक्यानं बंदूकवाल्यांपुढं जाऊन हुज्जत घालायची, हे काही बरं नाही. "वहिनी, सुनेला आवरा," ते म्हणाले.

मी चुलीपुढं होते. तव्यावरची भाकरी करपत होती आणि मला ती उलटायचं सुचत नव्हतं. आत्याबाई आता काय म्हणतील याची वाट बघत होते. तेवढ्यात ओसरीवरून, मी पाठ केलेला पण घरात कित्येक महिने न ऐकलेला आवाज आला.

"मी... म्हणलो."

मी भाकरी तशीच तव्यावरून उचलली आणि दाराशी गेले.

"मी म्हणलो तिला... बोल." मग बराच वेळ काही नाही. धाकटे मामा मधे काही बोलू गेले, तेव्हा काठी आपटल्याचा आवाज झाला. "तिनं... माझंच... सांगितलं."

मामा मला 'बोल' म्हणाले नव्हते. त्यांनी फक्त पाहिलं होतं. त्यांच्या आयुष्यात त्यांनी ओसरीवर बसून किती वेळा खऱ्याचं खोटं केलं असेल ते मला माहीत नाही. लोक तर त्यांना खरं बोलणारा माणूस म्हणूनच मानत. पण त्या दुपारी ते खोटं बोलले, आणि ते बोलायला त्यांना एवढे कष्ट पडले की कुणाला ते खोटं वाटलं नाही.

धाकटे मामा उठून गेले. जाताना भावाच्या खांद्यावर हात ठेवून गेले, एवढं मी दाराच्या फटीतून पाहिलं. आत्याबाई खांबाला धरून उभ्या होत्या. त्या आत आल्या, करपलेली भाकरी माझ्या हातातून घेऊन बाजूला ठेवली आणि म्हणाल्या, "दूध तापव. त्यांना दे." मी सवयीनं पेला उंबऱ्याच्या आत ठेवायला वाकले, तर म्हणाल्या, "हातात दे. डाव्या हातात धरता येतंय त्यांना."

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्याबाईंनी बैलगाडी जुंपायला लावली आणि त्या आमच्याबरोबर नदीवर आल्या. गाडीतून उतरताना त्यांचा जीव मेटाकुटीला आला. करंजाखाली मामांच्या शेजारी मी त्यांना बसवलं आणि बाभळीजवळ गेले. डोह रिकामा होता. एक धोबी तेवढा काठानं शेपटी हलवत फिरत होता. आत्याबाई बराच वेळ समोर बघत बसल्या आणि म्हणाल्या, "कुठायत तुमची पाखरं? एकबी दिसंना."

मामांनी त्या इवल्या पाखराकडे बोट केलं. पुढं काय बोलले ते मला ऐकू आलं नाही. मी ऐकायचा प्रयत्नही केला नाही. उठून पाण्याकडे गेले आणि गाडीतून आणलेली कळशी उगीच घासत बसले.

आधी परतले ते पांढरे मुसाफर. ते धीट असावेत, किंवा विसराळू. त्यांच्यामागून चार-दोन दिवसांनी चकवे आले. हंस मात्र त्या वर्षी आमच्या डोहावर पुन्हा उतरले नाहीत. संध्याकाळी कधी तरी आभाळातून त्यांची माळ जायची आणि मामा मान वर करून ती दिसेनाशी होईपर्यंत बघायचे. त्यांचं बोलणं पहिल्यासारखं कधीच झालं नाही. लांबलचक वाक्य अर्ध्यावर तुटायचं. पण माणसं पुन्हा ओसरीवर येऊ लागली. मामा थोडकंच बोलायचे, आणि त्यांचा शब्द येईपर्यंत थांबायला माणसं शिकली. थांबता थांबता निम्मं भांडण थंड व्हायचं, असं पती म्हणायचे.

फाल्गुनात ऊन तापलं आणि एक दिवस गेलो तर बेट मोकळं. पाखरं कधी गेली ते कुणी पाहिलं नाही. पुढच्या उन्हाळ्यात पतींना परभणीत राहायला खोली मिळाली आणि आमचं बिऱ्हाड तिकडे गेलं. निघताना मी वाकून नमस्कार केला, तेव्हा मामा म्हणाले, "दिवाळीला ये." मधे आत्याबाई नव्हत्या; त्यांनी सरळ मलाच सांगितलं.

दिवाळीला गेलो तेव्हा सकाळची एसटी गाठली होती. परभणीच्या बाजारातून आत्याबाईंसाठी गुडघ्याला लावायचं तेल घेतलं होतं. घरी पोचलो तर दाराला कडी. शेजारच्या काकू म्हणाल्या, दोघंही गाडी घेऊन नदीवर गेलेत, आता रोजच जातात. आम्ही ओसरीवर सामान ठेवलं. पती म्हणाले, मी जाऊन घेऊन येतो. मी म्हणाले, नको, येतील. मी कडी काढून आत गेले, चूल पेटवली आणि चहाचं पाणी ठेवलं. पाणी दोनदा आटलं, मी दोनदा नवं घातलं. ते यायला बराच उशीर झाला.